नखील क्लबचे इतिहासकार

दत्ताराम शिवगणांना एखादी गोष्ट कधी घडली असं विचारलंत, तर ते तारीख, महिना, साल यांतलं काहीच सांगत नसत. ते फुटबॉलची मॅच सांगत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून बहरीनला गेलो. बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, एका कापडवाल्याच्या दुकानावर चौघांची खोली होती. चौथी खाट मला मिळाली. सामान टेकवलं आणि समोरच्या खाटेवर पायाची नखं कापत बसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून आहात?"

त्यांनी कात्री थांबवली. थोडा हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेकरीवाल्यांनी आमच्यावर सात चढवले ना, त्याच्या आदल्या शुक्रवारी मी उतरलो."

मला वाटलं, बिचाऱ्यांवर कुणीतरी सात खटले चढवलेत. मी सहानुभूतीने मान हलवली.

खोलीतला तिसरा भिडू फ्रान्सिस, वसईचा, सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क होता. त्याने मला गॅलरीत नेऊन समजावलं, "ते गोल रे. सात गोल. तो क्लबच्या टाइमवर चालतो. मी एकदा विचारलं, माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही सुट्टीवर होता का, तर म्हणतो, तुझं लग्न आमच्या दोन-दोनच्या बरोबरीनंतर झालं. बायकोला काय सांगू मी?"

दत्ताभाऊ संगमेश्वराकडचे. पाण्याचा टँकर चालवायचे. त्या काळी नळाला येणारं पाणी मचूळ असे, पिण्याचं गोडं पाणी टँकरने घरोघर जाई. दत्ताभाऊंचा रूट पश्चिम किनाऱ्याचा. झल्लाकच्या अलीकडे खजुराच्या बागांमागे नखील नावाचं एक चिमुकलं गाव होतं, पन्नास-साठ घरांचं. निम्मे लोक मासेमारीवर, निम्मे कुठे कुठे नोकरीला. त्या गावाचा फुटबॉल क्लब. हा क्लब कुठल्याच लीगमध्ये नव्हता. शुक्रवारी दुपारी जो कोणी अकरा माणसं घेऊन येईल त्याच्याशी खेळायचा आणि बहुधा हरायचा. दत्ताभाऊ त्या क्लबला 'आमचा' म्हणत. गावी त्यांच्या मालकीचं एक आंब्याचं कलम होतं, त्यालाही ते इतक्या ठामपणे 'आमचं' म्हणत नसत.

संबंध जुळला तो पाण्यावरून. मैदान म्हणजे बागा आणि समुद्र यांच्यामधला रेताड पट्टा. खेळ सुरू झाला की अशी धूळ उठायची की बॉल कुठे आहे ते खेळाडूंच्या ओरडण्यावरून ओळखावं लागे. एका शुक्रवारी दत्ताभाऊंनी मालकाला विचारून, विहिरीचं खारं पाणी टँकरमध्ये भरून मैदानावर मारलं. धूळ बसली. गावाने त्यांना चहा पाजला, खजूर खाऊ घातला. पुढच्या शुक्रवारी ते न बोलावता गेले आणि मग जातच राहिले.

दत्ताभाऊंनी आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नव्हता. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. "ऑफसाइड मफी, असलं काय नसतंच," म्हणायचे. "माणूस पुढं गेला तर त्याची चूक काय? मागच्यांनी पळावं की." पण एके दिवशी क्लबचा म्हातारा संस्थापक अबू ईसा एक फॉर्म हातात घेऊन बसलेला त्यांनी पाहिला. लीगमध्ये नाव घालायचा फॉर्म. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. क्लबची स्थापना कधी झाली?

अबू ईसा तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. म्हणाला, "दत्ता, साल मालूम नहीं. झूठ कैसे लिखे?"

दत्ताभाऊंना धक्काच बसला. "अरे, आमच्या गावच्या देवळातल्या घंटेवर पण साल घातलेलं हाय," असं ते मला अनेकदा सांगत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि नखील क्लबचा इतिहास लिहायला घेतला. अर्थातच मराठीत. त्यांना दुसरी भाषा लिहिता येत नव्हती आणि ज्या गावाचा तो इतिहास होता, त्या गावात मराठी वाचणारा एकही जीव नव्हता. ही अडचण कुणाच्या लक्षात आली नसावी, किंवा आली तरी कुणाला तीत अडचण वाटली नसावी.

गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला गाठून ते जबानी घेत. अबू ईसा म्हणाला, ज्या वर्षी वादळाने माझ्या बापाची होडी उचलून खजुराच्या बागेत टाकली, त्या वर्षी क्लब निघाला. न्हावी म्हणाला, वादळ नंतरचं, आधी एका जहाजावरून पडलेला बॉल किनाऱ्याला लागला, तेव्हाच निघाला. मशिदीशेजारचा आंधळा आजोबा म्हणाला, बॉल कसला, आम्ही चिंध्या भरलेल्या पोत्याने खेळायचो, आणि क्लब मी काढला. दत्ताभाऊंनी तिन्ही हकिकती उतरवून घेतल्या आणि खाली लिहिलं, 'यावरून क्लब तीनदा निघाला असे दिसते.'

फॉर्म तसाच राहिला. पण दत्ताभाऊ थांबले नाहीत. मागचं सापडेना म्हणून ते चालू काळाचं लिहू लागले. प्रत्येक शुक्रवारची मॅच, मैदानावरच्या मैदानावर, टँकरला पाठ टेकून. खोलीत कुणी त्यांच्याशी वाद घातला की ते शांतपणे वही थोपटून म्हणत, "लिहिलेलं हाय." मग त्यावर अपील नसे.

कुतूहलापोटी मी एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर गेलो. टँकर गावात शिरताच दहा-बारा पोरं "अम्मी दत्ता, अम्मी दत्ता" करत मागे धावली. अरबीत अम्मी म्हणजे काका. आमच्या खोलीतला हैदराबादचा चौथा भिडू हे ऐकून आला होता आणि आठवडाभर दत्ताभाऊंना "अम्मीजान, खाना लगाओ" म्हणत होता. दत्ताभाऊंनी ते मनाला लावून घेतलं नाही. खोलीत एरवी खाली मान घालून वावरणारा हा माणूस त्या गावात छाती काढून चालत होता. कोणाचा गुडघा बरा आहे, कोणाच्या होडीचं इंजिन दुरुस्त झालं, कोणाच्या बायकोचे दिवस भरलेत, सगळं त्यांना ठाऊक.

परत येताना मी त्या दिवसाची नोंद वाचायला मागितली. ती मला अजून आठवते. 'वारा उत्तरेचा. मैदानात बकरी एक. तिने कोपऱ्यातले फडके खाल्ले. हाफटायमाला चहा व तळलेली मासळी. आपले दोन, त्यांचे चार. चौथा गोल मला दिसला नाही, मधे लहान मुलगा उभा राहिला. यूसुफने तीन अडवले. यूसुफ ताप अंगात असूनही खेळला.'

हा यूसुफ म्हणजे क्लबचा गोलकीपर आणि अबू ईसाचा सख्खा पुतण्या. उंच, काटक, बोलायला कमी. अबू ईसाने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलेला. दत्ताभाऊंचा त्याच्यावर फार जीव. वह्यांमध्ये इतर खेळाडू खेळतात, यूसुफ 'शर्थ करतो'.

मी नखीलला जाऊन आलो त्यानंतर वर्षभरात एक मॅच झाली. खेळ होता शेजारच्या गावाशी, आणि यूसुफची सासुरवाडी नेमकी त्याच गावात. बरोबरी चालली होती. अगदी शेवटी एक साधा, लोळत आलेला बॉल अडवायला यूसुफ वाकला, त्याचा पाय घसरला आणि बॉल आत गेला. हरण्याची सवय असलेला क्लब, एरवी हसून चहाला बसला असता. पण शेजारचं गाव होतं. अबू ईसाचं डोकं फिरलं. चारचौघांत तो पुतण्याला म्हणाला, "सासऱ्याला भेट दिलीस."

यूसुफ म्हणाला, "जमीन ओली होती."

"गोलसमोर कुणी पाणी मारत नाही," अबू ईसा म्हणाला. तसा नियमच होता.

त्या दिवसापासून चुलते-पुतणे बोलेनासे झाले. यूसुफने खेळ सोडला. गाव दोन बाजूंना वाटलं गेलं, ईदच्या जेवणाला एक घर दुसऱ्या घरी जाईना. क्लबमध्ये शुक्रवारी आठच माणसं येऊ लागली, उरलेली तीन शेजारून उसनी आणावी लागत. हे सारं मला दत्ताभाऊंकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पाणी मात्र ते दोन्ही घरांना टाकत होते. एका घरी गेले की दुसऱ्या घराबद्दल काहीतरी बरं बोलून येत. यूसुफने मोठा हामूर मासा धरला, अबू ईसाची खोकल्याची गोळी बदलली, असलं काहीबाही. मी म्हटलं, "दत्ताभाऊ, तुम्हाला कशाला पंचायत?" तर म्हणाले, "दोन्ही टाक्या मीच भरतो ना."

सहा वर्षं अशी गेली. ऐंशीचं दशक लागलं होतं. एक दिवस फ्रान्सिस ड्यूटीवरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "दत्ताभाऊ, तुमचा म्हातारा आमच्याकडे ॲडमिट झालाय. अबू ईसा. छातीचं आहे. परवा ऑपरेशन."

दत्ताभाऊ तांदूळ निवडत होते. ताट बाजूला ठेवून ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग ट्रंकेतून एक वही काढली आणि मला म्हणाले, "मोहिते, उद्या भेटायच्या टायमाला तू माझ्यासंगं चल. मला वाचायला जमणार नाय. तू वाच, मी त्याला हिंदीत सांगतो."

"काय वाचायचं आहे?"

"ती सासुरवाडीची मॅच."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. अबू ईसा उशीला टेकून बसला होता. डोक्यावर रुमाल नसल्यामुळे लहान दिसत होता. दत्ताभाऊंना पाहून त्याचा चेहरा उजळला. "आओ दत्ता. मेरे को क्लब का कुछ सुनाओ."

दत्ताभाऊ खाटेच्या कडेला उभेच राहिले. मी वही उघडली आणि वाचू लागलो. मी एक वाक्य वाचायचं, त्यांनी त्याची हिंदी करायची. 'ऊन कडक. पाहुणे दोन गाड्यांतून आले.' हिंदी झाली. 'पहिला गोल आपला.' हिंदी झाली, अबू ईसाने मान डोलावली. 'शेवटच्या मिनिटाला यूसुफ घसरून गोल झाला. अबू ईसा त्याला फार बोलला.' हे सांगताना दत्ताभाऊंचा आवाज खाली गेला. अबू ईसा भिंतीकडे बघू लागला.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांना आधी दिसली आणि मी थांबलो.

"वाच," दत्ताभाऊ म्हणाले.

मी वाचलं. 'मी दुपारी टँकर गोलापाशी उभा करून आंधळ्या आजोबांची हकिकत लिहून घेत होतो. कॉक नीट बंद केला नव्हता. पाणी बराच वेळ गळत होते. नंतर वरची रेती सुकली, आत ओल राहिली. अबू ईसाने सर्वांसमोर मला विचारले, दत्ता, गोलसमोर पाणी टाकलेस का. मी ला म्हणालो. ला म्हणजे नाही. चूक दत्ताराम शिवगण याची. यूसुफची नव्हे.'

खोलीत आम्ही तिघेच होतो. त्या पानावर काय लिहिलंय हे अबू ईसाला कधीच कळण्यासारखं नव्हतं. दत्ताभाऊ काहीही सांगू शकले असते. 'यूसुफने शर्थ केली' एवढं सांगून वही मिटली असती तरी चाललं असतं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि सगळं सांगितलं. अडखळत, अर्धं हिंदी, अर्धं अरबी, पण एक शब्द न गाळता. ते 'ला' सुद्धा.

अबू ईसा म्हणाला, "छह साल, दत्ता." थोड्या वेळाने पुन्हा, "छह साल." आणि मग हात हलवून, "जाओ. अब जाओ."

आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमधल्या बाकावर दत्ताभाऊ बसले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. सहा वर्षं हा माणूस दर आठवड्याला त्या दोन घरांत जात होता. मी विचारलं, "दत्ताभाऊ, त्याच दिवशी लिहिलंत, मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीत?"

ते वहीचा कोपरा सरळ करत होते. म्हणाले, "भ्यालो. एवढं सगळं गाव बघत होतं. नंतर सांगेन म्हटलं. मग नंतर सांगितलं तर आधी का नाय सांगितलं म्हणून हाकलतील. घरी दोन वर्षांनी एकदा जातो मी, मोहिते. पोरगी पाया पडते आणि आत पळते, तिला मी पाहुणा वाटतो. शुक्रवारी कोणी माझी वाट बघतं असं एवढं एकच ठिकाण होतं. ते हातचं जाईल म्हणून गप ऱ्हायलो." आणि मग म्हणाले, "माझ्या एका शुक्रवारपायी त्या पोराचे सहा वर्षांचे शुक्रवार गेले."

अबू ईसाने त्याच संध्याकाळी यूसुफला बोलावणं धाडलं, हे फ्रान्सिसने सांगितलं. यूसुफ धावत आला, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. आत काय बोलणं झालं ते फ्रान्सिसला ऐकू आलं नाही, पण यूसुफ रात्रीची परवानगी काढून खाटेशेजारी राहिला. ऑपरेशन पार पडलं. फ्रान्सिस हे सगळं मोठ्या खुशीत सांगत होता. दत्ताभाऊंनी ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून गाडीचा रूट बदलून घेतला. नखीलचं पाणी दुसरा ड्रायव्हर नेऊ लागला.

शुक्रवार आला. दत्ताभाऊंनी कपडे धुतले. पुढच्या शुक्रवारी कपडे धुतले, खोली झाडली, माझ्या सदऱ्याची तुटलेली बटणं लावली, न तुटलेलीही तोडून पुन्हा लावली. हैदराबादवाल्यानेही चेष्टा केली नाही. आपल्या डब्यातला खिमा त्याने त्यांच्या ताटात वाढला.

चौथ्या शुक्रवारी, जेवणं आटोपून आम्ही आडवे होत होतो तेव्हा दारावर थाप पडली. दार उघडलं तर यूसुफ. जिना चढून आल्याने दम लागलेला, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब. इतक्या वर्षांत त्या गावातलं कुणी आमच्या खोलीवर आलं नव्हतं.

दत्ताभाऊ लुंगीवर उठून उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना. खोलीत खुर्ची नव्हती. त्यांनी माझ्या खाटेवरची चादर झटकली, ती स्वच्छच होती, तरी पुन्हा झटकली. चहाला म्हणून वळले तर एकही कप धड नव्हता, शेवटी स्टीलच्या पेल्यात चहा आला. यूसुफने तो दोन्ही हातांत धरून घेतला आणि खोलीभर पाहिलं. चार खाटा, खाटांखाली चार ट्रंका, भिंतीवर दत्ताभाऊंच्या बायकोमुलांचा एक फोटो.

चहा संपल्यावर तो म्हणाला, "किताब दिखाओ." दत्ताभाऊंनी वही दिली. "मेरा नाम किधर?" दत्ताभाऊंनी बोट ठेवून दाखवलं. यूसुफने पान उलटलं. "इधर?" पुन्हा दाखवलं. त्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर त्याचं नाव होतं. नंतरच्या वह्यांतसुद्धा, तो खेळत नसतानाही. 'यूसुफ आला नाही.' 'यूसुफ असता तर अडवला असता.'

मग त्याने विचारलं, "तुम्हारा नाम?"

दत्ताभाऊंनी मान हलवली. मी मधे पडून त्या मॅचचं पान उघडून दिलं. सात वह्या होत्या, मी नंतर सगळ्या चाळून पाहिल्या, पण दत्ताराम शिवगण हे नाव त्यांत त्या एकाच ओळीत होतं.

यूसुफ त्या ओळीकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते त्याला माहीत होतं. मग त्याने वही मिटली आणि म्हणाला, "चाचा घर आया. मैदान पे कुर्सी डाल के बैठा है. पूछता है, दत्ता को कौन लाएगा." आणि थोडं थांबून, "मैं बोला, मैं लाता. यल्ला, चलो."

दत्ताभाऊ न्हाणीघरात गेले. आत नळ बराच वेळ वाहत होता. ते बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले, सणाला घालायचा सदरा अंगात. जिना उतरून ते यूसुफच्या पिकअपमध्ये बसलेसुद्धा, तेव्हा माझं लक्ष खाटेकडे गेलं. मी वही आणि पेन घेऊन खाली धावलो आणि खिडकीतून पुढे केलं.

"दत्ताभाऊ, वही विसरलात."

त्यांनी वहीकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही.

"राहू दे वर," ते म्हणाले. "आज नुसतं बघतो."